रॉड कॅरूचं नाव त्या यादीतून काढा

गेल्या शनिवारी शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुटल्यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भाच्याने इस्राएलमधल्या अश्दोदहून एक यादी टाकली. जगातले नामवंत काळे ज्यू. सॅमी डेव्हिस ज्युनिअर, लेनी क्रॅविट्झ, ड्रेक, बास्केटबॉलवाला अमारे स्टूडमायर, आणि मधेच बेसबॉलचा रॉड कॅरू. खाली ठाण्यापासून दिमोनापर्यंतच्या माम्या-काकवांचे अंगठे आणि जोडलेले हात. मी लिहिलं, ‘कॅरूचं नाव काढ, तो ज्यू नाही.’ भाचा म्हणाला, ‘मावशी, गाण्यात आहे ना पण!’

गाण्यात आहे, खरंय. ॲडम सँडलर नावाच्या विनोदी नटाने १९९४ साली हनुक्का या ज्यू सणावर एक गमतीचं गाणं केलं. कोण कोण ज्यू आहे याची त्यात जंत्री आहे आणि कॅरूने धर्म बदलला असं तो त्यात बिनदिक्कत सांगून टाकतो. गाणं इतकं गाजलं की अमेरिकेतल्या ज्यूंनाही ते खरं वाटतं. कॅरूने धर्मांतर कधीच केलं नाही.

ग्रुपवर एवढं लिहून कुणी वाचत नाही. शिवाय लगेच कुणीतरी ‘बाईंचा तास सुरू झाला’ म्हणतं. तेव्हा इथेच लिहिते. इथे तास घ्यायला मला कोण अडवणार?

रॉड कॅरू मूळचा पनामाचा. १९४५ साली रेल्वेच्या डब्यात जन्मला, वाटेतच. पुढे न्यू यॉर्कला आला, मिनेसोटा ट्विन्सकडून खेळला, सात वेळा बॅटिंगचा किताब मिळवला, एकूण ३,०५३ हिट्स. तीन हजारांचा आकडा ओलांडणारे बेसबॉलमध्ये फार थोडे. १९७८ साली ट्विन्सच्या मालकाने एका सभेत सांगितलं की संघ मिनेसोटात आणला कारण तिथे काळे लोक कमी आहेत. कॅरूला ते झोंबलं. अशा माणसाचा वेठबिगार होऊन खेळणार नाही अशा अर्थाचं तो बोलला आणि पुढच्या हंगामाआधी कॅलिफोर्निया एंजल्सकडे गेला. त्याची बायको मॅरिलिन ज्यू. तिन्ही मुली ज्यू म्हणून वाढल्या. त्याच्या गळ्यात हिब्रू अक्षरांचं लॉकेट असे. लोकांनी त्यावरून काय ते ठरवलं असणार.

१९९५ च्या सप्टेंबरात त्याच्या धाकट्या मुलीला, मिशेलला, रक्ताचा कर्करोग निघाला. अस्थिमज्जा हवी. ती जुळायची तर पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात, आणि त्या खुणा अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून. सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. दोन्ही बहिणींची जुळली नाही. मग दात्यांच्या नोंदवहीत शोध. तिथेही वंश बघावा लागतो, कारण या खुणा कुळासोबत चालत येतात. मिशेलचे वडील पनामाचे, वेस्ट इंडीजकडच्या मुळांचे काळे. आई पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या घरातली. अशा जोडीच्या खुणा एकाच अंगात असलेला परका माणूस शोधायचा कुठे? नोंदवहीत तेव्हा बहुतेक गोऱ्यांचीच नावं होती.

कॅरू हा पत्रकारांशी फटकून वागणारा माणूस. आयुष्यभर त्यांच्यापासून चार हात लांब राहिला. तोच मुलीसाठी कॅमेऱ्यांपुढे उभा राहून लोकांना नावं नोंदवा म्हणून विनवू लागला. त्याचं ऐकून हजारो माणसांनी नावं नोंदवली, आणि त्यातल्या काहींची मज्जा इतर कुणाकुणाला जुळली असेल. मिशेलला जुळणारं कुणी मिळालं नाही. एप्रिल १९९६ मध्ये ती गेली, अठरा वर्षांची.

(पुढे २०१६ च्या डिसेंबरात कॅरूलाच नवं हृदय बसवावं लागलं. ते मिळालं कॉनराड रॉयलंड नावाच्या एकोणतीस वर्षांच्या गोऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूचं, आणि त्याचंच मूत्रपिंडही. हृदयाच्या बाबतीत मुख्यतः रक्तगट आणि आकार बघतात, कुळाची तितकी चौकशी होत नाही.)

तर भाच्याला एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, यादीत घालायचंच तर मिशेलचं नाव घाल. ती काळीही होती आणि ज्यूही होती, आणि त्या दोन्हीची गाठ एका माणसात पडली की काय होतं ते तिच्या बाबतीत कागदावर, प्रयोगशाळेच्या अहवालात दिसलं. पण ती नामवंत नव्हती.

आता मला या विषयात इतका रस का, तर मी ठाण्यातली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. टेंभीनाक्याचं आमचं प्रार्थनास्थळ, शार हशामायिम सिनेगॉग, १८७९ सालचं. लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळे ज्यू मराठीच बोलतात आणि सगळ्यांच्या आडनावाला ‘कर’ असतं. पेणकर, रोहेकर, नवगावकर. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, कोकणात तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले, ही गोष्ट आम्ही आजीकडून ऐकलेली. शाळेत ‘तू कोण?’ म्हटलं की मी ज्यू सांगायची आणि समोरचा गोंधळायचा. मग मी सांगायची, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ते आमच्यातले. फिल्मफेअर मिळालं त्यांना त्या भूमिकेसाठी. म्हणजे ज्यू माणूस ओळखीचा, पण ओळख ख्रिश्चन चाचाची. तेवढ्यावर भागायचं.

गोंधळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. सिनेगॉग बघायला परदेशी ज्यू पाहुणे येतात. त्यातल्या एका बाईने मला फार प्रेमाने विचारलं, ‘तुम्ही ज्यू केव्हा झालात?’ मी म्हटलं, ‘जन्मले तेव्हा.’ तिच्या जागी तिचं बरोबर होतं. ज्यू म्हणजे गोरा, न्यू यॉर्कचा, चष्मेवाला, हे चित्र तिच्या डोक्यात सिनेमाने आणि टीव्हीने बसवलेलं. माझा सावळा चेहरा आणि मोगऱ्याचा गजरा त्यात कुठे बसवणार?

इस्राएलमध्ये तर हा प्रश्न रब्बींनीच, म्हणजे धर्मगुरूंनीच, विचारला होता. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या पिढ्या तपासा, मधे कुणी बाहेरचं आलंय का बघा. आमची फ्लोरामावशी तेव्हा बीरशेबाला होती, लग्नाची होती. कागद मागितले. रेवदंड्याच्या पणजीचे कागद कुठून आणायचे? १९६४ साली आमच्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक होऊन बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला आणि रब्बींना फर्मान बदलावं लागलं. मावशी हे सांगताना आजही तावातावाने बोलते.

पण मावशीला मी एक गोष्ट विचारली की ती विषय बदलते. आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. ज्यांच्या घरात पूर्वी कधीतरी बाहेरची बाई आली असं मानत, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक करत नसत. आजीच्या तोंडी तो शब्द मी ऐकलाय, अगदी सहज, आमटीला मीठ कमी आहे म्हणावं तसा. म्हणजे ज्या तपासणीविरुद्ध आम्ही यरुशलेममध्ये धरणं धरलं तीच तपासणी आम्ही पेण-अलिबागला पिढ्यानपिढ्या करत होतो. ग्रुपवर हे लिहिलं तर मला काढूनच टाकतील.

तर या चष्म्यातून मी सॅमी डेव्हिस ज्युनिअरकडे बघते. त्याचं नाव यादीत पहिलं होतं आणि ते योग्यच आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत १९२५ साली जन्मलेलं हे पोर चालता यायला लागल्यापासून वडिलांसोबत रंगमंचावर. गाणं, टॅप डान्स, नकला, वाद्यं, काय म्हणाल ते. लास व्हेगासच्या ज्या हॉटेलात रात्री टाळ्या घ्यायच्या, तिथे झोपायला खोली नाही, कारण काळा. १९ नोव्हेंबर १९५४ ला व्हेगासहून लॉस एंजेलिसला येताना सॅन बर्नार्डिनोजवळ गाडीला अपघात झाला आणि डावा डोळा गेला. एडी कँटर या ज्यू विनोदी नटाने त्याला पूर्वी एक मझुझा दिला होता, दाराच्या चौकटीला आम्ही ज्यू लावतो ती धर्मवचनांची डबी. सॅमी तो गळ्यात घालायचा. इस्पितळात पडल्या पडल्या त्याचं वाचन सुरू झालं, रब्बींशी बोलणं सुरू झालं, आणि काही वर्षांनी त्याने रीतसर धर्म स्वीकारला.

लोक म्हणाले, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. अंगाला एक चिकटलेलं असताना दुसरं कशाला ओढवून घ्यायचं? त्याचा गोल्फच्या मैदानावरचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. गोल्फमध्ये खेळाडूला त्याचा हँडिकॅप विचारतात. कुणीतरी विचारला तर हा म्हणाला, एक डोळा, काळा आणि वर ज्यू, आणखी काय हँडिकॅप हवा? सगळे हसले. मला या किश्शावर मोकळं हसू येत नाही. वर्गात जाड मुलगा स्वतःच्या जाडेपणावर आधी स्वतः विनोद करतो, म्हणजे दुसऱ्याला संधी राहत नाही. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. ते वर्गात सगळ्यांचे लाडके असतात आणि खो-खोच्या संघात घ्यायची वेळ आली की कुणालाच आठवत नाहीत.

सॅमीचंही तसंच झालं. केनेडींच्या प्रचारासाठी हा माणूस गावोगाव गायला. मे ब्रिट या स्वीडिश नटीशी त्याचं लग्न ठरलं होतं. गोऱ्या बाईशी काळ्याने लग्न करणं तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत गुन्हा होता. केनेडींची मतं जाऊ नयेत म्हणून लग्न निवडणुकीच्या पुढे ढकललं. निवडणूक जिंकली, नोव्हेंबर १९६० मध्ये लग्न लागलं आणि जानेवारीत शपथविधीच्या सोहळ्याला येऊ नकोस असा निरोप आला. दक्षिणेकडच्या पुढाऱ्यांना आवडणार नाही म्हणून. मे ब्रिटनेही ज्यू धर्म घेतला होता. दोघं घरी बसली.

संगीतातल्या ज्यू-काळ्या नात्याबद्दल लोक भरभरून लिहितात, त्यामुळे मी थोडक्यात आटपते. जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लीन्सला लहानपणी कार्नोफ्स्की नावाच्या लिथुआनियन ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या गाडीवर कामाला होता. पत्र्याचा भोंगा वाजवत गिऱ्हाइकं बोलवायची, संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवायचं. पहिलं कॉर्नेट, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य, घ्यायला पैशांची मदत त्यांनीच केली. पुढे आयुष्यभर त्याच्या गळ्यात दाविदाचा तारा असायचा आणि १९६९ साली इस्पितळातून त्याने त्या घराबद्दल पानंच्या पानं लिहिली. हे गोड. दुसऱ्या बाजूला शिकागोचे चेस बंधू. पोलंडहून आलेले ज्यू. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी यांना जगापुढे आणलं ते यांच्या रेकॉर्ड कंपनीने, आणि रॉयल्टीच्या हिशेबावरून कलाकारांनी पुढे तक्रारी केल्या त्या याच कंपनीच्या नावाने. बिली हॉलिडेने १९३९ साली गायलेलं जमावाने फासावर दिलेल्या, झाडाला लटकणाऱ्या काळ्या माणसांचं ते भयंकर गाणं लिहिलं एबल मीरोपोल या ब्रॉन्क्सच्या ज्यू शिक्षकाने. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, तेव्हा मिल्ट गॅब्लर या ज्यू दुकानदाराच्या छोट्या कंपनीने ते केलं. सगळंच एका पारड्यात घालता येत नाही.

हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाचंही तेच. संघ काळ्या खेळाडूंचा, मालक एब सेपरस्टीन, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा ज्यू, लंडनला जन्मलेला. नावात हार्लेम, पण पोरं शिकागोची. काळे आहेत हे जाहिरातीतच कळावं म्हणून हार्लेम. लोकांना यांचे चेंडू बोटावर फिरवायचे खेळच आठवतात, पण १९४८ साली शिकागोत यांनी मिनियापोलिस लेकर्सला ६१-५९ असं हरवलं होतं, अर्मर रॉबिन्सनच्या शेवटच्या सेकंदाच्या बास्केटवर. गोऱ्यांच्या व्यावसायिक संघाला. दोन वर्षांनी एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने काळ्या खेळाडूंना दारं उघडली, आणि या सेपरस्टीनला आनंद होण्याऐवजी राग आला, कारण इतकी वर्षं चांगला काळा खेळाडू म्हटला की तो त्याच्याच दारात यायचा. काम त्याने दिलं, हे खरं. दुसरीकडे काम नव्हतं तोवर त्याचं बरं चाललं, हेही खरं.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येते. मी पी.टी.ची बाई. निवृत्त झाले तरी दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या बाजूने गेले की मान वळतेच. माझा जीव चार गुणिले शंभरमध्ये, म्हणजे चौघींनी शंभर-शंभर मीटर पळत दांडी पुढचीच्या हाती द्यायच्या रिलेमध्ये. लोकांना वाटतं, चार वेगवान मुली उभ्या केल्या की रिले झाली. रिले पळून होत नाही, बॅटन देण्याघेण्यात होते. येणारी मुलगी खुणेच्या टेपवर आली की पुढचीने मागे न बघता सुटायचं, सहा-सात पावलांनी हाक ऐकायची, हात मागे, पंजा उघडा, अंगठा बाहेर. टेप एक पाऊल मागे चिकटवली तर बॅटन हातात पोचतच नाही, एक पाऊल पुढे चिकटवली तर अंगावर आदळते. दोघींची सवय व्हायला आठवडे जातात. म्हणून संघात चार नव्हे, सहा जणी घेतात आणि सहाही जणी शेवटपर्यंत आशेवर असतात. यादीत नाव नसलेल्या दोघी काय करतात माहितीय? बाकीच्यांच्या चपला, ट्रॅकसूट आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन शंभर मीटरच्या रेषेपाशी उभ्या राहतात. मी त्यांच्याशी त्या दिवशी जरा जास्त कडक वागायची, म्हणजे रडायला उसंत मिळत नसे.

ऑगस्ट १९३६, बर्लिन. (अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं, ध्यानचंद तर होतेच.) अमेरिकेच्या ॲथलेटिक्स चमूत दोन ज्यू धावपटू होते. ब्रुकलिनचा मार्टी ग्लिकमन, वय अठरा, आणि मिशिगन विद्यापीठाचा सॅम स्टोलर. दोघांची निवड रिलेसाठी, सराव रिलेचाच. ८ ऑगस्टच्या सकाळी, म्हणजे स्पर्धेच्या दिवशीच, प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन आणि त्यांचे साहाय्यक डीन क्रॉमवेल यांनी मुलांना बोलावून सांगितलं की जर्मनांनी चांगले धावपटू लपवून ठेवलेत अशी कुणकुण आहे, तेव्हा ग्लिकमन आणि स्टोलर बाहेर, जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ आत.

ऑलिंपिकच्या पातळीवर धावपटू लपवता येतो? ग्लिकमनने तोंडावर हेच विचारलं. जागतिक दर्जाचा धावपटू व्हायचा तर तो कुठेतरी पळलेला असतो, त्याची वेळ कुठेतरी नोंदलेली असते. ठाणे जिल्ह्यातली सगळी मुलं आम्हाला तोंडपाठ असायची, हे तर जग होतं.

ओवेन्सकडे तोवर तीन सुवर्णपदकं झाली होती. ग्लिकमनने नंतर वेळोवेळी सांगितलंय की ओवेन्स उठून म्हणाला, माझी तीन पदकं झाली, मी दमलोय, मार्टी आणि सॅमला पळू द्या, त्यांचा हक्क आहे. त्यावर क्रॉमवेलनी बोट रोखून त्याला सांगितलेलं तेवढं कर म्हणून गप्प केलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. संघात ठेवलेले बाकीचे दोघे, फॉय ड्रेपर आणि फ्रँक वायकॉफ, हे क्रॉमवेल ज्या विद्यापीठात शिकवत तिथलेच. म्हणजे ज्यू म्हणून काढलं की आपल्या पोरांना वाचवायला काढलं? ग्लिकमनचं मत होतं, दोन्ही. अमेरिकी ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना यजमानांना आणखी खट्टू करायचं नव्हतं असं त्याला वाटे. काळे जिंकतायत तेवढं पुरे, वर ज्यूही नकोत.

९ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. अमेरिका ३९.८ सेकंद, जागतिक विक्रम. इटली ४१.१. जर्मनी ४१.२. लपवलेले धावपटू कुठे गेले कोण जाणे! चार गुणिले शंभरमध्ये एक पूर्णांक तीन दशांश सेकंद म्हणजे बारा-तेरा मीटर. एवढ्या फरकाने जिंकणाऱ्या संघात ग्लिकमन आणि स्टोलर पळाले असते तरी सुवर्ण अमेरिकेलाच मिळालं असतं, यावर मी माझी शिट्टी पैजेवर लावायला तयार आहे.

यातला सगळ्यात बोचरा भाग मला वाटतो तो हा. हिटलरपुढे काळ्या माणसाने चार सुवर्णपदकं मिळवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. मीही पावसाच्या तासाला वर्गात बसवून मुलींना सांगायची. त्यातलं चौथं पदक दोन ज्यू पोरांना बाजूला काढून त्याच्या गळ्यात घातलं गेलं, तेही तो नको म्हणत असताना. आणि त्या पदकांचं त्याला घरी काय मिळालं? न्यू यॉर्कला त्याच्याच सत्कारासाठी वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेला तर सामानाच्या लिफ्टने वर जावं लागलं. पुढे पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावल्या. ज्यूंना काढून काळ्यांना पुढे केलं म्हणजे अमेरिकेला काळे प्रिय होते, असं कुणी समजू नये. हवं तेव्हा एकाला वापरलं, नको तेव्हा दुसऱ्याला काढलं, निर्णय तिसऱ्याचाच.

ग्लिकमन पुढे रेडिओवरचा मोठा क्रीडा समालोचक झाला. न्यू यॉर्कच्या दोन पिढ्या त्याच्या आवाजावर वाढल्या. १९९८ साली अमेरिकी ऑलिंपिक समितीने त्याला आणि स्टोलरला मानपत्र दिलं. स्टोलर तोवर वारला होता. बासष्ट वर्षं लागली, आणि तेव्हाही पदक नाही, मानपत्रच.

ग्रुपवरच्या यादीवर भाच्याने नंतर आणखी एक नाव सुचवलं, हँक ग्रीनबर्ग. तो तर काळा नव्हे, नुसता ज्यू. पण त्याचा एक प्रसंग मला भाच्यासाठी लिहून ठेवावासा वाटतो. ग्रीनबर्ग डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाचा. हेन्री फोर्डच्या गावात, जिथे ज्यूंविरुद्ध पत्रकं आणि रेडिओवरची प्रवचनं रोजची, तिथे तो १९३८ साली ५८ होम रन मारत होता आणि प्रेक्षकांतून, समोरच्या संघाच्या बाकांवरून शिव्या खात होता. मे १९४७. आता तो छत्तीस वर्षांचा, पिट्सबर्गकडून शेवटचा हंगाम खेळतोय. समोर ब्रुकलिनचा जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू, जेमतेम महिना झालेला. रॉबिन्सन पहिल्या बेसकडे धावला, फेक बाहेर गेली, ती घ्यायला ग्रीनबर्ग पुढे झाला आणि दोघे धडकले. नंतर ग्रीनबर्ग स्वतः पहिल्या बेसवर पोचला तेव्हा तिथे रॉबिन्सन क्षेत्ररक्षणाला. ग्रीनबर्गने विचारलं, लागलं का? मग म्हणाला, या लोकांकडे लक्ष देऊ नकोस, टिकून राहा, छान खेळतोयस. रॉबिन्सनने वार्ताहरांना सांगितलं की हा माणूस खानदानी आहे.

पुढे आपल्या आठवणींत ग्रीनबर्गने म्हटलंय की मलाही त्यांनी तसंच वागवलं होतं, म्हणून मला त्याच्याबद्दल वाटायचं. पण तिथेच तो जोडतो, की इतकं वाईट नाही. हे एवढंसं वाक्य तो गाळू शकला असता. आपल्याकडे दोन दुखावलेली माणसं भेटली की कुणाचं दुखणं मोठं यावरून जुंपते, नाहीतर गळ्यात गळे घालून आपण सारखेच म्हणतात. ग्रीनबर्गने दोन्ही केलं नाही. त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलने ब्रुकलिनच्या अख्ख्या संघाला उतरवून घ्यायला नकार दिला होता, कारण त्यात रॉबिन्सन होता. ग्रीनबर्गला त्याच हॉटेलात खोली मिळाली असती, आणि हे त्याला माहीत असणार.